चिमणीची लाईन: बंद पडलेल्या वीट कारखान्याच्या कामगारखोल्या पाडायच्या की ठेवायच्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांची तर नाहीच, एक-दोन तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत, कारण यातली बहुतेक माणसं अजून तिथंच राहतात आणि काही कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर पडून आहेत. मी यात स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या टीममधे होतो, म्हणजे भिंत पडेल का राहील एवढं सांगायला आम्हाला बोलावलं होतं, पण भिंतीचा प्रश्न भिंतीपुरता राहत नाही हे अशा कामात लवकरच कळतं.

मनमाड–सिकंदराबाद ही मीटर गेज लाईन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास झाली आणि तिच्या काठानं जी गावं वाढली त्यातलं हे एक. स्टेशनपासून थोड्या अंतरावर नदी. मराठवाड्यात काळ्या मातीला तोटा नाही पण तिची वीट होत नाही, म्हणजे होते पण वाळताना तडकते, फुगते, त्यामुळं वीटवाल्याला नदीकाठची गाळाची, पोयट्याची माती लागते. इथं ती होती, पाणी होतं, आणि सिंगरेणीचा कोळसा रेल्वेनं थेट येत होता. म्हणून इथं गावठी भट्टी नाही तर कारखाना म्हणावा असं काम उभं राहिलं. भट्टी बुल्स ट्रेंच पद्धतीची. बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हिंदुस्थानात १८७६ मधे ही पद्धत काढली. लंबगोल खंदकात कच्च्या विटा रचायच्या आणि आग एका टोकापासून पुढं पुढं सरकवत न्यायची, मागच्या विटा निवतात तोवर पुढच्या तापतात, आग फिरत राहते पण विझू द्यायची नाही. आता आग विझू द्यायची नाही म्हणजे कोळसा टाकणारी माणसं रात्री-बेरात्री हाकेच्या अंतरावर पाहिजेत. म्हणून भट्टीला लागून खोल्या बांधल्या, ३ रांगा, प्रत्येकी १४ खोल्या, मधे मोकळं आवार, एक हौद, दोन लिंबाची झाडं. गावात याला कुणी वसाहत बिसाहत म्हणत नाही, चिमणीची लाईन म्हणतात.

अशा खोल्यांबद्दल लिहिताना मालक किती दयाळू होता असा सूर लागतो, तो इथं लावू नये. पावसाळ्यात ही भट्टी बंद असायची, वरून उघडीच असते ती. गावठी भट्टीवरचं बिऱ्हाड दिवाळीनंतर येतं, खोपट घालतं, विटा पाडतं आणि मृगाच्या आधी निघून जातं. पण आगीचा अंदाज असलेला माणूस गेला तर पुढच्या हंगामात परत येईलच असं नाही, म्हणून त्याला खोली द्यायची, उचल द्यायची आणि खोलीचं भाडं मजुरीतून कापायचं. लाईनीतले एक काका एका वाक्यात म्हणाले, "खोली व्हती म्हणून काम सोडता येत नव्हतं, अन् काम व्हतं म्हणून खोली." या जागेची किंमत ठरवताना हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

कारखाना बंद पडायला एकच कारण नव्हतं. जवळची माती खणून खणून संपत आली, मीटर गेज गेलं आणि जुनी सायडिंग, म्हणजे मालगाडीचा रुळांचा फाटा, गेली, १९९९ मधे केंद्राचं फ्लाय अॅशचं, म्हणजे कोळशाच्या राखेचं, नोटिफिकेशन आलं की थर्मल स्टेशनच्या आसपासच्या वीटवाल्यांनी राख वापरली पाहिजे, परळीची राख होतीच, तिच्या करड्या विटा बाजारात आल्या आणि मालकांच्या पोरांना मुळात धंद्यात रस नव्हता. भट्टी थंड झाली, चिमणीला तडा होता म्हणून ती उतरवून विटा विकल्या, आणि कामगारांची ग्रॅच्युइटी तशीच राहिली. माणसं खोल्यांमधे राहत राहिली. भाडं कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही.

प्रश्न कुठून सुरू झाला

२०१८ च्या पावसाळ्यात तिसऱ्या रांगेची कडेची भिंत रात्री बसली. माणूस कुणी गेलं नाही, दोन शेळ्या गेल्या. आठवड्याभरात तिन्ही रांगांना धोकादायक इमारतीची नोटीस लागली, सरसकट सी-१ म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडं धोकादायक इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडा. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, आणि सी-३ किरकोळ. ४२ खोल्या एका रात्रीत सी-१ झाल्या, प्रत्येक खोली कुणी आत जाऊन बघितली असावी असं काही नोटिशीवरून वाटत नव्हतं.

नेमकं त्याच वर्षी मालकांच्या वारसांनी उरलेल्या जमिनीचं प्लॉटिंग काढलं होतं. त्यांना लाईन मोकळी पाहिजे होती. लोकांना नोटीस आणि प्लॉटिंग यात संगनमत दिसलं, दिसणारच, पण मला तसा पुरावा काही सापडला नाही. लोकांचं स्वतःचंही एकमत नव्हतं. तरुण पोरांना घरकुल पाहिजे होतं, स्लॅबचं, टॉयलेट आत असलेलं. म्हाताऱ्यांना स्टेशन सोडून गावाबाहेर जायचं नव्हतं. आणि जवळच्या कॉलेजातले इतिहासाचे सर विद्यार्थी घेऊन येत होते, फोटो काढत होते, हेरिटेज हेरिटेज म्हणत होते.

त्या सरांनी विहारासमोर एक बैठक घेतली आणि प्रोजेक्टरवर इंग्लंडातलं स्टुअर्टबी दाखवलं. बेडफर्डशायरमधलं हे गाव लंडन ब्रिक कंपनीनं १९२६ पासून आपल्या कामगारांसाठी आखून बांधलं, भट्ट्या २००८ मधे बंद झाल्या. (तिथल्या शेवटच्या चार चिमण्याही पुढं २०२१ मधे पाडल्या, तेव्हा चिमणी जाणं आणि घरं राहणं हे तिकडंही झालंच.) सगळ्यांनी शांतपणे बघितलं. मग एक मावशी, सत्तरीच्या पुढच्या, उठल्या आणि म्हणाल्या, "सर, ती घरं साबूत इटाची दिसायलीत. आमच्या मायनं इटा डोक्यावर वाह्यल्या, चांगल्या इष्टेशनला गेल्या, कचेरीला गेल्या, अन् वाकड्या, जळक्या आमच्या घराला आल्या. कामून ठिवायचं ह्ये?"

किंमत नेमकी कशात

मावशींचं बोलणं विरोधाचं होतं, पण आमच्या कामाला दिशा त्यांनीच दिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिंतीतल्या विटाच वाचायला घेतल्या. गिलावा पडलेल्या जागा भरपूर होत्या. खाली जोत्याला काळ्या-जांभळ्या झामा विटा, म्हणजे आगीच्या तोंडाशी जळून काचेसारख्या झालेल्या, वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटलेल्या. बाजारात यांना गिऱ्हाईक नाही कारण आकार नाही, पण पाणी पीत नाहीत. त्याच्या वर छातीपर्यंत लाल भाजलेल्या पण कोपरे उडालेल्या. आणि आतल्या पडद्यांना, म्हणजे मधल्या भिंतींना, जिथं पाऊस लागत नाही, तिथं फिकट, गुलाबी, अर्धवट भाजलेल्या, नखानं ओरखडा उठणाऱ्या.

म्हणजे टाकाऊ माल मिळाला हे खरं, पण तो कुठं लावायचा हे ज्यानं ठरवलं त्याला वीट कळत होती. आम्ही काही नमुने पाण्यात भिजवून वजन केले. आयएस १०७७, म्हणजे विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे, साध्या विटेनं चोवीस तासात वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. जोत्याच्या झामा विटा त्याच्या कितीतरी खाली, पडद्यातल्या गुलाबी त्याच्या वर. भट्टीत कुठल्या थराला काय आंच लागत होती त्याचा सगळा पट या खोल्यांच्या भिंतीत आहे. कारखान्याची चांगली वीट ज्या सरकारी इमारतींना गेली तिथं तुम्हाला फक्त पास झालेली वीट दिसेल. नापास झालेलं सगळं इथं आहे. भट्टी गेली, चिमणी गेली, वह्या-खाती गेली, आता हा कारखाना कसा चालायचा हे समजायला या भिंतींशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

एका विटेवर लहान पोराच्या पायाचा ठसा होता, पाचही बोटं. ओल्या विटा वाळत घातल्यावर पोरं त्यावरून पळायची आणि मार खायची. दुसऱ्या रांगेतल्या एका घरानं तो ठसा देवळीच्या वर दर्शनी घेतला होता, बांधतानाच, मुद्दाम. कुणाचं पोर ते आता कुणालाच सांगता येत नाही.

बांधणीबद्दल एवढं सांगतो की १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर आपल्याकडं मातीत बांधलेली भिंत म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो आणि ते बरोबरच आहे, किल्लारीला माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. पण या खोल्या त्या जातीच्या नाहीत. विटा एकसारख्या नसल्या तरी थर आडवे धरलेत, बाहेरची भिंत दीड विटेची, दर दहा फुटाला आडवी भिंत येते, त्यामुळं लांब मोकळी भिंत कुठंच नाही, आणि वर लाकडी वाशांवर मंगलोरी कौलं, हलकं काम. कमी काय होतं तर भिंतींना वरून बांधून ठेवणारा पट्टा नव्हता आणि कडेच्या तिकोन्या भिंती सुट्या होत्या. हे दुरुस्त होण्यासारखं आहे.

आणि मग लोकांनी सांगितलेलं. बहात्तरच्या दुष्काळात पाणी नाही म्हणून भट्टी थांबली, सगळी लाईन खडी फोडायला गेली, मदतीतली मिलो आणि सुकडी खाल्ली, संध्याकाळी याच आवारात एकच चूल पेटायची. १९७८ ला नामांतराच्या दंगलीत खेड्यातली बौद्ध बिऱ्हाडं रात्री चालत येऊन इथं राहिली, एकेका खोलीत तीन-तीन घरं, आणि लाईनीतल्या चाचांनी हौदापाशी पहारा दिला. १४ एप्रिलची जयंती आणि पीरसाहेबांचा संदल, दोन्हीचा मांडव त्याच दोन लिंबांना बांधतात. रांगांपेक्षा रांगांच्या मधलं आवार महत्त्वाचं आहे हे इथं कळलं, नुसते नकाशे बघून ते कळलं नसतं. औद्योगिक वारशाबद्दलचा २००३ चा निझनी तागिल जाहीरनामाही यंत्रं-इमारतींबरोबर कामगारांची घरं, प्रार्थनेच्या जागा यांना वारशातच धरतो, तेव्हा कागदोपत्रीही आम्ही काही जगावेगळं म्हणत नव्हतो.

वय किती, हा वाद

हौदाच्या कठड्यावर उर्दू आकड्यात १३४० कोरलंय. सरांचं म्हणणं हिजरी सन, म्हणजे १९२१-२२. ते धरलं तर लवकरच शंभर वर्षं भरत होती, आणि १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक व्हायला शंभर वर्षं लागतात, म्हणून त्यांचा जीव त्या आकड्यात अडकला होता. एक निवृत्त महसूल कर्मचारी सहज बघायला आले होते, त्यांनी हसून सांगितलं की निजामाच्या राज्यात महसुलाचा, देण्याघेण्याचा व्यवहार फसली सनात चालायचा, वीटवाला हौदावर हिजरी कशाला कोरील. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. नऊ वर्षांचा फरक.

निर्णायक पुरावा हौदाच्या बांधणीचा मिळाला नाही, पण १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीत, त्या सर्व्हे नंबरला वीटभट्टी आणि घरं अशी नोंद मिळाली. मराठवाड्यात जमिनीचं काहीही शोधायचं असेल तर खासरा पाहणी पहिली काढावी. आम्ही अहवालात फसली धरलं आणि शंभर वर्षांचा मुद्दा सोडून दिला. सर नाराज झाले. पण तो मुद्दा सोडल्यामुळंच पुढचा रस्ता दिसला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पाडून टाकायचा. लोकांना गावाबाहेरच्या नव्या स्कीममधे फ्लॅट. स्टेशन, बाजार, धुणीभांड्याची कामं सगळी लांब. हमाली करणाऱ्याला रिक्षाचं भाडं रोज परवडत नाही.

दुसरा, पुरातत्त्वकडं जायचं. ऐकायला मोठं वाटतं. पण केंद्रीय संरक्षित स्मारक झालं की २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढं २०० मीटर नियंत्रण. संडास बांधायचा तर परवानगी. माणसं राहती असलेल्या वस्तीला हे म्हणजे गळ्यात धोंडा बांधण्यासारखं झालं असतं. लोकांना हे नीट समजावल्यावर एकही हात वर आला नाही, आणि इथं सरही मान्य झाले.

तिसरा, एक खोली म्युझियम म्हणून ठेवायची आणि बाकी पाडायच्या. हा पर्याय पुढाऱ्यांना फार आवडतो, उद्घाटन करता येतं. माझा याला विरोध होता. एका खोलीत भट्टीचा पट दिसत नाही आणि आवार तर राहतच नाही.

चौथा सगळ्यात किचकट. लाईन राहती ठेवायची, दुरुस्त करायची, मागच्या बाजूनं वाढवायची आणि नगरपरिषदेच्या वारसा यादीत परिसर म्हणून घालायची. नगररचनेच्या नियमात होणाऱ्या या यादीला शंभर वर्षांची अट नसते, स्थानिक महत्त्व दाखवता आलं पाहिजे. यात अडचण एकच होती आणि तीच सगळ्यात मोठी, जमीन कुणाच्या नावावर.

काय केलं

आधी नोटीस. भिंत पडली ती म्हातारी झाली म्हणून नाही. शेजारचा सिमेंट रस्ता थरावर थर टाकून जोत्याच्या वर आला होता, नाली तुंबलेली, पाणी थेट पायात. खाली काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, असं वर्षानुवर्षं चाललं की कडेची भिंत सुटणारच. आम्ही खोलीगणिक तपासणी केली आणि पहिल्या दोन रांगा सी-२ बी, तिसऱ्या रांगेचा पडलेला अर्धा भाग सी-१ आणि उरलेला सी-२ ए असा अहवाल दिला. नगरपरिषदेच्या अभियंत्यानं तो मान्य केला. त्यातलं रस्त्याबद्दलचं वाक्य काढून टाकता येईल का असं विचारलं, ते आम्ही ठेवलं पण जरा मऊ शब्दात. नाली आधी दुरुस्त झाली, भिंतीला हात नंतर, हा क्रम मात्र आम्ही सोडला नाही.

मग जमीन. सातबाऱ्यावर कारखान्याची भागीदारी, लोकांकडं मालमत्ता कराच्या पावत्या, लाईट बिलं, मतदार यादी. कोर्टात गेलं तर पंधरा-वीस वर्षं. इथं वकिलीण बाईंनी थकलेल्या ग्रॅच्युइटीची फाईल उघडली. १९७२ च्या कायद्यानं दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी. वारस म्हणाले मुदत गेली. वकिलीण बाई म्हणाल्या, असेल, पण प्लॉट विकताना गिऱ्हाईक सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या तपासणीचा कागद, मागणार आणि त्यात हा वाद दिसणार, बघा तुम्हीच. चार-पाच महिने नुसती चहापाण्याची बोलणी झाली.

कोंडी फुटली ती एका साध्या गोष्टीनं. लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती प्लॉटच्या मधे सोडण्याऐवजी लाईनीच्या आवारातच दाखवली तर? वारसांचे विकाऊ प्लॉट वाचतात, आवार कायमचं मोकळं राहतं, लिंबाची झाडं वाचतात. नगररचनाकारांनी आकार, रस्ता, सलगपणा यावर दोनदा नकाशा परत पाठवला, तिसऱ्यांदा पास झाला. खोल्यांखालची जमीन आणि मागची पट्टी वारसांनी नोंदणीकृत दस्तानं दिली, बदल्यात ग्रॅच्युइटीचे दावे मिटले. काही म्हाताऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, घामाचा पैसा वेगळा आणि ज्या घरात साठ वर्षं राहिलो ते वेगळं, एकाच्या बदल्यात दुसरं कसं? बरोबरच आहे त्यांचं. पण जमीन नावावर नसेल तर घरकुल नाही, आणि घरकुल नाही तर पुढच्या पावसाळ्यात परत नोटीस.

घरकुलात लोकांना एकच चित्र माहीत होतं, जुनं पाडून नवं. प्रधानमंत्री आवास शहरीमधे, स्वतःच्या जागेवर बांधायच्या घटकात, वाढीव बांधकामाचीही सोय होती. किमान ९ चौरस मीटर वाढवायचं, वाढवल्यावर एकूण २१ च्या वर आणि ३० च्या आत. आपली खोली दहा बाय बारा, पुढं सहा फुटी ओसरी, म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर. मागच्या पट्टीत ९ घातले की पंचवीस-सव्वीस होतात, बरोबर बसतं. मागं संडास-बाथरूम, स्वयंपाकाची जागा आणि वर स्लॅब, पुढची जुनी खोली आणि ओसरी तशीच. अडीच लाखाचं अनुदान, दीड केंद्राचं आणि एक राज्याचं. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर ही अट योजनेचीच होती, आणि लाईनीत त्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी हेरिटेजवरून झाली नाहीत.

दुरुस्तीत एक वाद आमच्यातच झाला. जुन्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही, चुनाच, असं वारसा संवर्धनवाल्यांचं म्हणणं असतं आणि ते खरं आहे, मऊ वीट आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, खार फुटतो आणि वीट पिठासारखी झडते. पण भूकंपासाठी वर पट्टा पाहिजे आणि तो जाळी मारून सिमेंटच्या मालात करणं हाच गावच्या मिस्त्रीला जमणारा मार्ग होता. २००२ च्या भूकंप नकाशात लातूरचा बहुतेक भाग झोन ३ मधे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आला, आमचा भाग त्याला लांब नाही. आम्ही पट्टा सिमेंटचा केला, छताखाली, सगळ्या भिंतींना फिरवून, आणि खाली भिंतीला चुना. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही, चालेल.

काय झालं

२०२२ पर्यंत पहिल्या दोन रांगा उभ्या राहिल्या, बहुतेक घरांचं मागचं बांधकाम झालं. तिसरी रांग गेली. अर्धी दुरुस्त होण्यासारखी होती, पण तिथल्या चौदापैकी बहुतेक घरांना नवीनच पाहिजे होतं आणि ज्यांच्या डोक्यावर भिंत पडता पडता राहिली त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तिथं आता स्लॅबची घरं आहेत. त्या रांगेच्या झामा विटा एका फार्महाऊसवाल्यानं ट्रॅक्टर लावून नेल्या, शोभेच्या भिंतीला. ज्या विटेला साठ-सत्तर वर्षं गिऱ्हाईक नव्हतं तिला साध्या विटेपेक्षा जास्त भाव आला, त्यावर लाईनीत बरेच दिवस विनोद चालले होते.

राहिलेल्या रांगांमधे सगळं आमच्या नकाशाप्रमाणं आहे असं नाही. काहींनी ओसरीला ग्रील आणि फरशी लावली, काहींनी दर्शनी भिंतीला सिमेंट मारून ऑइल पेंट दिला, एका घरानं कौलं काढून पत्रा टाकला कारण माकडं कौलं फोडतात. पायाच्या ठशाची वीट आहे, तिच्याभोवती निळ्या रंगाची चौकट केलीय.

वारसा यादीचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. पुढची प्रक्रिया अजून पूर्ण नाही. म्हणजे कायद्यानं आज या लाईनीला संरक्षण नाही, ती उभी आहे ती जमीन नावावर झाली आणि आवार मोकळी जागा म्हणून नकाशात बसलं म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

तिसऱ्या रांगेची नोंद नीट व्हायला पाहिजे होती. पहिल्या दोन रांगांच्या भिंतींची थराथराची रेखाटनं आहेत, तिसरीचे फक्त फोटो, तेही पावसातले. जी पाडायची ठरते तिचं मोजमाप आधी, हा क्रम पुढच्या कामात आम्ही लेखी ठेवतो.

ग्रॅच्युइटी आणि जमीन एकत्र बांधण्याऐवजी दोन वेगळे करार करता आले असते का, हा प्रश्न मी वकिलीण बाईंना नंतर विचारला. त्यांच्या मते वारस वेगळ्या करारावर आलेच नसते. मला तसं वाटत नाही. निदान हयात असलेल्या जुन्या कामगारांना थोडी रोख रक्कम मिळवता आली असती, लेआउट मंजूर व्हायच्या आधी आपली बाजू भक्कम होती, नंतर ती राहिली नाही.

लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायला विद्यार्थ्यांनी उशीर केला. ज्या चाचांनी पहारा दिला होता ते मधल्या काळात गेले, त्यांचं बोलणं दुसऱ्यांच्या तोंडून उरलंय. आणि जे रेकॉर्ड झालं त्यात बायका कमी आहेत, कारण विद्यार्थी दुपारी यायचे आणि बायका दुपारी कामावर असायच्या. संध्याकाळी सातनंतर या, एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

देखभालीचा पैसा कुठून, याचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. अनुदान बांधायला मिळतं, दर चार-पाच वर्षांनी चुना फिरवायला आणि कौलं चाळायला नाही. नगरपरिषदेनं आवाराची सफाई आणि नाली स्वतःकडं घेतलीय, पण नाली गेल्या पावसाळ्यात परत तुंबली होती, आणि शेजारच्या रस्त्याला अजून एक थर टाकायचं अंदाजपत्रक झालंय. त्यावर लाईनीतल्या बायकांनी हरकत नोंदवलीय, रस्ता आधी खरवडा आणि मग थर टाका, जोत्याच्या वर नको, असा अर्ज, सोबत आमच्या अहवालाचं ते मऊ शब्दातलं पान जोडलंय.